दवाखान्याची वेळ, कथेची वेळ

एका वाचकाचं पत्र आलं आहे. ओळख पटेल असे तपशील वगळून त्याचा गोषवारा देते.

‘मी ३८ वर्षांचा आहे. तालुक्याच्या गावी अकरा वर्षं दवाखाना चालवतो. सकाळी नऊ ते दीड, संध्याकाळी पाच ते साडेनऊ. कॉलेजात असल्यापासून कथा लिहितो. दिवाळी अंकांत चार कथा आल्या, पण गेल्या दोन वर्षांत एकही पूर्ण झालेली नाही. रात्री जेवून टेबलाशी बसलो की डोळे मिटतात. मध्यंतरी रशियन लेखक चेखवची पत्रं इंग्रजीतून वाचली. “वैद्यकी ही माझी लग्नाची बायको आणि साहित्य ही प्रेयसी” हे वाक्य वाचलं आणि वाटलं, माझी प्रेयसी उपाशी मरते आहे. दोन वर्षं दवाखाना बंद करून फक्त लिहावं, असं मनात आहे. बायको शाळेत शिक्षिका, मुलगी तिसरीत, घराचं कर्ज फिटायला अजून नऊ वर्षं. बायको नको म्हणत नाही, पण विषय काढला की गप्प बसते. आणखी एक सांगतो. मला माणसांचा वीट आला आहे. पेशंट खोटं बोलतात, उधारी बुडवतात, गरज नसताना सलाइन लावा म्हणून हटून बसतात. एक आजी दर सोमवारी बीपी तपासायला येतात आणि दोन वर्षांपूर्वी गेलेल्या मुलाची तीच ती हकीकत सांगतात. मी घड्याळाकडे बघत राहतो. या माणसांतून कला कुठून निघणार? चेखव वैद्यकीतून बाहेर पडला म्हणूनच चेखव झाला ना?’

प्रिय डॉक्टर,

तुमचा शेवटचा प्रश्न आधी घेते. नाही, चेखव वैद्यकीतून बाहेर पडून चेखव झाला नाही. तुमचा सगळा बेत याच समजुतीवर उभा आहे, म्हणून ती जरा सावकाश तपासू.

अंतोन चेखव १८६० मध्ये जन्मला, अझोव्ह समुद्राकाठच्या तगानरोग गावात. आजोबा भूदास. त्यांनी पैसे भरून स्वतःची आणि घरच्यांची सुटका करून घेतली होती. वडिलांचं किराणा दुकान १८७६ मध्ये बुडालं. घेणेकऱ्यांना चुकवून ते मॉस्कोला निघून गेले, आणि सोळा वर्षांचा अंतोन शिकवण्या घेत, शाळा पुरी करत तीन वर्षं मागे राहिला. १८७९ मध्ये वैद्यकी शिकायला तो मॉस्कोत आला तेव्हा घरात खाणारी तोंडं बरीच आणि मिळकत तुटपुंजी. मग त्याने ‘अंतोशा चेखोन्ते’ या टोपणनावाने विनोदी साप्ताहिकांना मजकूर पुरवायला सुरुवात केली. ‘ओस्कोल्की’ नावाचं साप्ताहिक ओळीला आठ कोपेक (रुबलचे पैसे) देत असे. घराचं भाडं आणि चूल त्या ओळींवर चालायची.

तुमच्या घरी दवाखाना पोट भरतो आणि कथा जीव रमवते. त्याच्या घरी नेमकं उलटं होतं. लेखन हा त्याचा पोटाचा धंदा होता. वैद्यकीने त्याला फारसं कधी कमावून दिलं नाही, आणि पुढे खेड्यात तर त्याने ती बहुतेक विनामूल्यच केली. ‘पोटासाठी नोकरी, मनासाठी कला’ अशी जी दोन खणांची मांडणी आपण सगळे गृहीत धरतो, ती त्याच्या आयुष्याला लागूच पडत नाही.

आता ते बायको-प्रेयसीचं वाक्य. ते ११ सप्टेंबर १८८८ च्या पत्रात आहे. लिहिणारा २८ वर्षांचा, अविवाहित. पत्र सुव्होरीनला, म्हणजे त्याच्या संपादक-प्रकाशक मित्राला. सुव्होरीनने त्याला सल्ला दिला होता की दोन सशांच्या मागे एकदम धावू नकोस, डॉक्टरकीचा नाद सोड. आपण म्हणू, दोन डगरींवर हात ठेवू नकोस. चेखवने हा सल्ला मानला नाही. का धावू नये, असंच त्याने विचारलं. आपल्याला एक नाही, दोन कामं आहेत या जाणिवेने मला हुशारी येते, एकीचा कंटाळा आला की दुसरीकडे जातो, आणि यात दोघींचंही काही बिघडत नाही, असा त्याचा जबाब आहे. पुढे तो आणखी एक कबुली देतो, आणि ती तुमच्यासाठी जास्त महत्त्वाची आहे. आपल्यात शिस्त नाही, वैद्यकी नसती तर मोकळा वेळ आणि मोकळे विचार आपण साहित्याला दिले असते असं वाटत नाही, असं तो लिहितो. म्हणजे ज्या वाक्याचा आधार घेऊन तुम्ही दवाखाना बंद करू बघताय, ते वाक्य मुळात दवाखाना न सोडण्याच्या बाजूने लिहिलेलं आहे.

(ही उपमा मला आवडत नाही, हेही सांगून टाकते. २८ वर्षांच्या एकट्या तरुणाने मित्राला लिहिताना ती चालून गेली. तुमच्या घरात पगारावर संसार तोलून धरायची तयारी करणारी एक खरी बायको आहे. दवाखान्याला ‘लग्नाची बायको’ म्हणून आपण तो सोडायची भाषा करतो, तेव्हा तिच्या कानाला ते कसं लागत असेल, याचा विचार करा.)

पण तुमच्या बाजूने बोलणारा पुरावाही आहे, तो झाकून ठेवणं बरोबर होणार नाही. मार्च १८८६ मध्ये दिमित्री ग्रिगोरोविच या ज्येष्ठ लेखकाने चेखवला आपण होऊन पत्र लिहिलं. तुझ्यात खरी प्रतिभा आहे, घाईघाईने लिहिणं थांबव, असा त्याचा आशय. चेखव हादरला. उत्तरात त्याने कबूल केलं की एखाद्या कथेवर एका दिवसापेक्षा जास्त काम केल्याचं आपल्याला आठवत नाही, आणि बातमीदार आगीच्या बातम्या लिहितात तशा आपण कथा लिहितो, यांत्रिकपणे, अर्धवट भानावर. त्यानंतर तो खरोखर सावकाश लिहू लागला, कमी लिहू लागला. दोन वर्षांत ‘स्तेप’सारखी दीर्घ कथा आली, पुश्किन पुरस्कार आला.

तेव्हा वेळ लागतो, हे तुमचं म्हणणं खरं आहे. पण ग्रिगोरोविचचं पत्र आल्यावर चेखवने काय कमी केलं? आठ कोपेकवाल्या ओळी कमी केल्या. पेशंट बघणं त्याने सोडलं नाही. १८९२ मध्ये मॉस्कोच्या दक्षिणेला मेलिखोवो गावी त्याने जमीनजुमला घेतला आणि त्याच उन्हाळ्यात पटकीची साथ जवळ येऊन ठेपली. २५ गावं, ४ कारखाने आणि १ मठ एवढा टापू त्याने बिनपगारी सांभाळला. ते महिने साहित्याचा विचार करायलाही सवड नाही, असं तो वैतागून लिहितो, आणि तो वैताग खरा आहे. त्याच वर्षीच्या अखेरीस ‘वॉर्ड नंबर सहा’ छापून आली. ही कथा साथीआधीच लिहिलेली होती, तेव्हा साथीने ती दिली असं मी म्हणणार नाही. पण आळशी तत्त्वज्ञानाच्या आडोशाने पेशंटकडे पाठ फिरवणारा त्यातला डॉक्टर रागीन ज्याने उभा केला, तो लेखक स्वतः तशी पाठ फिरवणारा नव्हता, एवढं त्या उन्हाळ्यातून दिसतं. १८९९ मध्ये रोस्सोलिमो या डॉक्टर वर्गमित्रासाठी त्याने थोडक्यात आपली हकीकत लिहून दिली. वैद्यकीने माझं निरीक्षणाचं क्षेत्र रुंदावलं, आणि त्या ज्ञानाची लेखक म्हणून मला असलेली किंमत फक्त डॉक्टरलाच कळेल, असं त्यात आहे. तुम्ही डॉक्टर आहात. हे वाक्य तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त कळायला हवं.

आता पत्रातल्या त्या भागाकडे येते ज्याने मला दोन दिवस अस्वस्थ ठेवलं. माणसांचा वीट.

चेखवची ‘शत्रू’ नावाची १८८७ मधली कथा तुम्ही वाचली नसेल तर आज रात्री वाचा. किरिलोव्ह हा खेड्यातला डॉक्टर. त्याचा सहा वर्षांचा एकुलता एक मुलगा घटसर्पाने नुकताच गेला आहे. आई पलंगाशी गुडघे टेकून बसली आहे. इतक्यात दाराची घंटा वाजते. अबोगीन नावाचा श्रीमंत गृहस्थ आला आहे, बायको मरायला टेकली आहे, आत्ताच्या आत्ता चला म्हणतो. किरिलोव्ह नाही म्हणतो, मग कसाबसा निघतो. लांबचा रस्ता, अंधार, बग्गी. घरी पोचल्यावर कळतं की बायको आजारी नव्हतीच, तिने सोंग केलं आणि नवरा डॉक्टर आणायला गेलेला असताना ती दुसऱ्याबरोबर पळून गेली. अबोगीन रडतो, आपलं दुःख डॉक्टरांपुढे उघडं करतो. आणि किरिलोव्ह? माझं मूल मेलंय आणि तुम्ही मला या तमाशात आणलंत, म्हणून तो संतापाने पेटतो. दोघं एकमेकांना जे बोलू नये ते बोलतात.

दुःख माणसांना जवळ आणतं, असं आपण सहज म्हणतो. इथे चेखव थांबून वेगळंच सांगतो. दुःखी माणूस स्वार्थी होतो, चिडका होतो, अन्याय करतो, आणि दोन दुःखी माणसं एकमेकांना सगळ्यांत कमी समजून घेतात. कथेच्या शेवटी किरिलोव्ह परतताना अबोगीनबद्दल आणि त्याच्यासारख्या सगळ्यांबद्दल मनात तिरस्कार घट्ट करत जातो. लेखक तिथे स्पष्ट म्हणतो की काळ जाईल, किरिलोव्हचं दुःखही सरेल, पण हा अन्यायी ग्रह मात्र त्याच्या मनात मरेपर्यंत राहील. चेखव सहसा असा निवाडा देत नाही. इथे त्याला राहवलेलं नाही, असं मला वाटतं. किरिलोव्ह त्याचाच व्यवसायबंधू आहे, थकलेला आहे, शोकात आहे, तरीही लेखक त्याला सूट देत नाही. आणि त्याच वेळी त्याच्यावरची माया तसूभरही कमी होत नाही.

तुमचे पेशंट खोटं बोलतात. बोलतच असतील. पण ते खोटं कशाचं असतं? दारू प्यायलो नाही, गोळ्या वेळेवर घेतो, पैसे पुढच्या आठवड्यात देतो. हे सगळं लाजेचं खोटं आहे, डॉक्टर. सलाइनचा हट्ट धरणाऱ्या मजुराचा तुम्हाला वीट येतो. सलाइन लावलं की दोन तास पाठ टेकायला मिळते आणि त्या दिवशी कामावर का गेला नाही याचं घरी दाखवायला कारण मिळतं, असं त्याच्या मनात असू शकेल ना? सलाइन लावा असं मी अजिबात म्हणत नाही, ते तुमचं शास्त्र तुम्ही जाणता. मी एवढंच म्हणते की ‘का’ हा प्रश्न तुम्ही विचारायचा सोडला आहे. कथा अडली आहे ती तिथे. दोन वर्षं दार लावून टेबलाशी बसलात, तरी तो सुटलेला प्रश्न टेबलावर आपोआप येणार नाही.

मात्र हा वीट म्हणजे तुमचा दोष आहे, असं समजू नका. चेखवच्या ‘अंकल वान्या’ नाटकातला डॉक्टर आस्त्रोव्ह पहिल्याच प्रवेशात म्हाताऱ्या दाईला सांगतो की दहा वर्षांत मी वेगळाच माणूस झालो, सकाळपासून रात्रीपर्यंत उभाच असतो, रात्री पांघरुणात शिरलो तरी पेशंटकडे ओढून नेतील ही धास्ती असते. त्याच्या हातून क्लोरोफॉर्मखाली एक माणूस गेलेला आहे आणि ते त्याला छळतं. आस्त्रोव्ह वाईट नाही, थकलेला आहे. असा थकवा ज्याने इतका नेमका लिहिला, त्याने स्वतः मात्र आपल्या शरीराकडे डोळेझाक केली. १८८४ पासून त्याला खोकल्यातून रक्त पडत होतं. स्वतः डॉक्टर असून त्याने नीट तपासून घेतलं नाही. मार्च १८९७ मध्ये मॉस्कोत सुव्होरीनबरोबर जेवायला बसलेला असताना भडभडून रक्त आलं, तेव्हा कुठे तो दवाखान्यात पेशंट म्हणून दाखल झाला. १९०४ मध्ये गेला, वयाच्या ४४ व्या वर्षी. या बाबतीत त्याचं अनुकरण करायचं नाही. झोप नीट लागते का, सकाळी उठून दवाखान्यात जायचं म्हटलं की छातीत दडपण येतं का, पूर्वी आवडणाऱ्या कशातही मन लागत नाही का, हे तुम्ही पेशंटला विचारता तसं स्वतःला विचारा. उत्तर ‘हो’ असेल तर कथा, कर्ज सगळं बाजूला ठेवून आधी एखाद्या मानसोपचारतज्ज्ञाला भेटा. जिल्ह्याच्या ठिकाणी ओळखीचं कोणी भेटेल असा संकोच वाटत असेल तर दुसऱ्या शहरात जा, पण जा.

आता दोन वर्षांच्या बेताबद्दल. माझं मत स्पष्ट आहे, आत्ता नको. तालुक्याच्या गावात दवाखाना दोन वर्षं बंद राहिला की पेशंट दुसरीकडे रुळतात, परत बस्तान बसवायला वेळ जातो. हप्ता तर दर महिन्याला येणारच. पण मला खरी भीती वेगळी वाटते. रोज सकाळी कोऱ्या कागदापुढे ‘यासाठी मी सगळं सोडलं’ हे ओझं घेऊन बसलात तर एकेका वाक्याला दोन वर्षांचा जाब द्यावा लागेल. त्या ओझ्याखाली लिहिणं फार थोड्यांना जमतं.

त्याऐवजी आठवड्यातल्या दोन संध्याकाळी दवाखाना बंद ठेवा. गेल्या वर्षाची नोंदवही काढा, कोणत्या वारी संध्याकाळी गर्दी सगळ्यात कमी असते ते बघा, आणि तेच वार धरा. बाहेर पाटी लावा, महिनाभर आधी सगळ्यांना सांगा, तातडीच्या वेळी कुठे जायचं तेही पाटीवर लिहा. मिळकतीत किती खड्डा पडतो ते बायकोबरोबर बसून कागदावर मांडा. सहा महिने हे करून बघा. त्या दोन संध्याकाळी फोन घरी, तुम्ही बाहेर, वाचनालयात, शाळेच्या रिकाम्या खोलीत, जिथे कोणी ‘डॉक्टर, जरा बघता का’ म्हणणार नाही तिथे. चेखवने मेलिखोवोत राहत्या घरापासून अलग एक छोटं घर बांधून घेतलं होतं, ‘सीगल’ हे नाटक त्यात लिहिलं. आपल्याला घर बांधायला नको, पण वेगळी जागा हवी. आणि रात्री जेवणानंतर टेबलाशी बसणं बंद करा. त्या वेळेला तुमच्यातलं काही शिल्लक नसतं, आणि रोज तिथे हरून उठल्यामुळेच ‘मला लिहिता येत नाही’ हा समज पक्का होतो.

दोन रुग्णांच्या मधल्या वेळात मोबाइल बघण्याऐवजी एका वहीत एक ओळ लिहा. आजाराची नको, ती केसपेपरवर असते. माणसाची. सखालिन या कैद्यांच्या बेटावर १८९० मध्ये चेखव तीन महिने राहिला, झोपडी-झोपडीत स्वतः गेला आणि सुमारे दहा हजार कार्डं भरली. नाव, वय, जन्मगाव, धंदा, वाचता येतं का. कोरडे रकाने. पण ते भरायला त्याला प्रत्येकाच्या समोर उभं राहावं लागलं. तुमच्या केसपेपरवर यातले बरेच रकाने असतातच.

एक सावधगिरी मात्र पाळा. छोट्या गावात कथेतलं पात्र लगेच ओळखू येतं, आणि पेशंटने तुम्हाला सांगितलेलं त्याचं आहे, तुमचं नाही. वहीत नाव-गाव लिहू नका, आणि कथेत घेताना वय, घर, आजार, नातं सगळं इतकं बदला की त्या माणसाने वाचली तरी त्याला आपली वाटू नये. १८९२ मधल्या एका कथेत चेखवने ओळखीच्या लोकांचे धागे उघडे ठेवले आणि चित्रकार लेवितान हा जिवलग मित्र दुखावला गेला. जवळजवळ तीन वर्षं दोघांत अबोला होता. चेखव तर त्याचा डॉक्टर म्हणून नव्हे, मित्र म्हणून चुकला होता. तुमच्यावर दुहेरी जबाबदारी आहे.

बँकेत, शाळेत, कारखान्यात काम करून लिहिणारे, गाणारे, चित्रं काढणारे बरेच जण मला अशीच पत्रं पाठवतात. त्यांनी आधी हे निवडून काढावं की दमवतं ते काय. तास दमवतात, की माणसं, की तिथे होणारा अपमान? तासांवर तोडगा वेळापत्रकात असतो. माणसांचा वीट आला असेल तर विश्रांती आणि मदत हवी. पण रोज अपमान होत असेल, मन मारून खोटं वागावं लागत असेल, तर ती नोकरी सोडायची तयारी जरूर करावी, कलेचं निमित्त न शोधता. तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. त्यात अपमान कुठे दिसला नाही, डॉक्टर. उलट ज्यांचा वीट आला म्हणता, त्यांच्याबद्दल लिहिलेली तीन वाक्यं पत्रातली सगळ्यांत जिवंत वाक्यं आहेत.

बायकोच्या गप्प बसण्याला होकार समजू नका, नकारही समजू नका. ‘तुला काय वाटतं’ असं मोघम विचारू नका. ‘कशाची भीती वाटते’ असं विचारा, आणि ती बोलेल तेव्हा मध्ये चेखव आणू नका.

आणि त्या सोमवारच्या आजी.

जानेवारी १८८६ मध्ये, म्हणजे ग्रिगोरोविचचं पत्र यायच्या आधी, ओळीवर पैसे मिळवण्याच्या त्या धबडग्यातच चेखवची एका घोडागाडीवाल्याची कथा छापून आली. योना पोतापोव्हचा मुलगा त्याच आठवड्यात वारला आहे. बर्फ पडतंय, गिऱ्हाइकं येतात, योना मागे वळून सांगायला बघतो, कोणी ऐकत नाही. त्याला सगळं नीट, क्रमाने सांगायचं आहे. मुलगा आजारी कसा पडला, किती सोसलं, मरताना काय म्हणाला, दफन कसं झालं, आणि त्याचे कपडे आणायला आपण इस्पितळात गेलो ते. शेवटी तबेल्यात तो हे सगळं आपल्या घोडीला सांगतो.

पुढच्या सोमवारी आजींना सकाळचा शेवटचा नंबर द्या. बीपी तपासा, हातातलं घड्याळ काढून खणात ठेवा. कथेसाठी नव्हे, वहीत त्यांची ओळसुद्धा लिहू नका. त्या तीच हकीकत सांगतील तेव्हा एकच विचारा, जे तुम्ही त्यांना दोन वर्षांत विचारलेलं नाही. मुलाचे कपडे आणायला कोण गेलं होतं?